चुन्याची रेघ

कुलाब्याच्या ससून डॉकवर पहाटे पाचला उजाडलेलं नसतं, पण बाजार केव्हाच भरलेला असतो. ट्रॉलर धक्क्याला लागलेले असतात, बर्फाचा चुरा करणारं यंत्र खडखडत असतं, ओल्या फरशीवरून पाट्या घेतलेले हमाल पळत असतात आणि कोळणींच्या लिलावाचा आवाज त्या सगळ्यावर असतो. एका कडेला बायकांची लांबलचक रांग उकिडवी बसलेली. पुढ्यात कोळंबीचा ढीग. डोकं मोडायचं, साल ओढायची, पाठीतला काळा दोरा काढायचा आणि कोळंबी बर्फाच्या पाण्यात टाकायची. तासाभरात बोटं पांढरीफटक पडतात.

डिसेंबर २०१७मध्ये मी तिथं गेलो तो मासळीसाठी नव्हे, भिंती बघायला. स्टार्ट इंडिया फाउंडेशननं त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ही गोदी चित्रकारांच्या हवाली केली होती. एरवी जिथं फोटो काढायलाही बंदी, तिथं गोदामांच्या आतबाहेर भिंतीच्या भिंती रंगल्या होत्या आणि गोदीत राबणाऱ्या माणसांचे पुरुषभर उंचीचे चेहरे दर्शनी भागावर झळकत होते. कोळंबीच्या रांगेत कर्नाटकातून आलेल्या बंजारा बायका पुष्कळ असतात. माझ्या बोलण्याचा हेल ऐकून त्यांतल्या एकीनं मान वर केली.

“कुटलं गाव म्हनायचं?”

“हुलसूर. बसवकल्याणजवळ.”

“आमी आळंदकडचं,” ती म्हणाली आणि पुन्हा कोळंबीत हात घातला.

बिदर-कलबुर्गीची दोन माणसं बोलत होती ती गोदी बांधली बगदादच्या घराण्यानं. डेव्हिड ससून १८३२च्या सुमाराला छळाला कंटाळून बगदाद सोडून बुशहरमार्गे मुंबईत आले. त्यांचा मुलगा अब्दुल्ला, म्हणजे पुढचे सर अल्बर्ट ससून, यांनी १८७५मध्ये कुलाब्याला समुद्र हटवून ही गोदी उभी केली. पश्चिम हिंदुस्थानातली ही पहिली बंदिस्त गोदी. मालक बगदादचा, कोळी इथलाच, हमाल घाटावरचा किंवा कोकणातला, आणि आता कोळंबी सोलणारी आळंदकडची. भिंतीवरचे चेहरे बघताना मला मात्र भिंतीवर नसलेला एक माणूस आठवत होता. त्याचं आडनाव कोकणातल्या गावाचं, जन्म धारवाडचा, उमेदवारी पुण्याची आणि कीर्ती मुंबईची. आम्हा सीमेवरच्यांना असा माणूस लगेच आपला वाटतो. घरात मराठी आणि जन्मदाखल्यावर कर्नाटक, ही गोष्ट आम्हाला फोड करून सांगावी लागत नाही.

त्याचं नाव बाळू पालवणकर.

*

एवढी परमुलखातली माणसं मुंबईत जमली कशी, हे आधी बघायला हवं. १८५३मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली. पुढच्या दोन-तीन वर्षांत कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी ताडदेवला सुरू झाली. मग १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो सगळा कापूस मुंबईच्या बंदरातून जायचा. १८६४च्या शिरगणतीत शहराची वस्ती आठ लाख सोळा हजारांवर गेली होती. १८६५मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. पण रस्ते, धक्के आणि भराव मागे राहिले. १८६९मध्ये सुएझचा कालवा उघडला, १८७३मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, आणि मग ससून, प्रिन्सेस, व्हिक्टोरिया अशा गोद्या एकामागून एक बांधल्या गेल्या.

हात लागत होते, आणि ते येत होते. रत्नागिरी जिल्ह्यानं गिरण्यांना सगळ्यांत जास्त माणूस पुरवला. निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठ्यांनी त्याच्याही आधीपासून इथले बांध घातले, इमारती उभ्या केल्या. कामाठीपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. आमचा बिदर जिल्हा तेव्हा निजामाकडेच होता, म्हणून कामाठीपुऱ्याची आज झालेली ओळख ऐकली की मला थोडा रागच येतो. ती गवंड्यांची आणि बिगाऱ्यांची वस्ती होती.

गरीब माणसाला गावाबाहेर नेणारी आणखी एक वाट होती, सैन्याची. कोकणातल्या अस्पृश्य जातींतले पुष्कळ लोक कंपनी सरकारच्या आणि पुढे राणीच्या पलटणीत शिरले. पलटण जाईल तिथं बिऱ्हाड. त्यामुळे या घरांतल्या मुलांचं आडनाव एका गावाचं आणि जन्म भलत्याच छावणीतला, असं सर्रास व्हायचं. मंडणगडजवळच्या आंबडवे गावच्या सुभेदार रामजींचा मुलगा भीमराव १८९१मध्ये महूला जन्मला. त्याच्या पंधरा वर्षं आधी, १८७६मध्ये, पालवणच्या एका चांभार कुटुंबातला बाळू धारवाडला जन्मला. वडिलांची चाकरी सैन्याशी बांधलेली होती. या दोन मुलांची गाठ पुढे मुंबईतच पडणार होती, तीही समोरासमोर.

*

क्रिकेट या शहरात आधी पारशांनी उचललं. १८४८मध्ये त्यांनी ओरिएंटल क्लब काढला. खेळायचे ते किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानावर. एका टोकाला गोऱ्यांचं बॉम्बे जिमखान्याचं कुंपण घातलेलं हिरवंगार मैदान. तिथं हिंदी माणसाला सभासदत्व नाही. उरलेल्या धुळीत बाकी सगळं शहर. एवढ्यावर भागलं असतं. पण जिमखान्याच्या पोलो खेळणाऱ्या साहेबांना आपली हिरवळ घोड्यांच्या टापांनी उखडायला नको होती. म्हणून ते घोडे घेऊन नेटिवांच्या भागात यायचे. आठवड्यातून दोनदा टापा पडल्या की जमिनीला खड्डे, आणि खड्ड्यावर पडलेला चेंडू बॅटऐवजी कपाळाकडे येतो.

१८८१मध्ये साडेचारशेच्या वर हिंदी खेळाडूंनी सह्या करून गव्हर्नरकडे अर्ज केला. शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थांनी या भांडणाची हकीकत १८९७मध्ये पुस्तकात लिहून ठेवली आहे. त्यांचा राग पानापानांवर दिसतो. मोजक्या साहेबांची करमणूक की शेकडो नेटिवांचा खेळ, असा त्यांचा सवाल होता. अर्ज, उत्तरं, पुन्हा अर्ज असं वर्षानुवर्षं चाललं. अखेर सरकारनं बॅकबेच्या कडेला समुद्राकाठी पारशांना जिमखान्यासाठी जागा दिली. मग मुसलमानांनी मागितली, हिंदूंनी मागितली, आणि १८९४पर्यंत तिघांचे तीन जिमखाने ओळीनं उभे राहिले. मरीन ड्राइव्हवरून जाताना ते आजही दिसतात. धर्माप्रमाणे संघ पाडायची मुंबईची रीत कोणा एकाच्या डोक्यातून निघाली नाही. मैदानाच्या तुकड्यांवरून भांडता भांडता ती पक्की झाली.

दरम्यान पारशी मंडळी १८८६ आणि १८८८मध्ये स्वखर्चानं विलायतेला खेळून आली होती. जानेवारी १८९०मध्ये इंग्लंडहून आलेल्या व्हर्ननच्या संघाला त्यांनी मुंबईत हरवलं. साहेबाला हरवता येतं, हे शहराला त्या दिवशी कळलं. हिंदूंना मात्र साहेबाला हरवणारा माणूस अजून मिळायचा होता. तो पुण्यात रूळ ओढत होता.

*

पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळूला पहिली नोकरी लागली. महिना तीन रुपये. १८९२च्या सुमाराला गोऱ्यांच्या पूना क्लबात ती चार रुपयांवर गेली. काम माळ्याचं. पहाटे खेळपट्टीवर पाणी मारायचं, ओल जरा उतरली की लोखंडी रूळ ओढायचा, रेघा आखायच्या, जाळ्या लावायच्या, टेनिसची कोर्टं आखायची. रुळाची एक गंमत आहे. रूळ ओढणाऱ्याला जमीन पायांतून कळते. कुठं माती बसली, कुठं भुसभुशीत राहिली, कुठली फट उन्हानं दुपारी रुंदावणार, हे फलंदाजाला पहिला चेंडू अंगावर येईपर्यंत ठाऊक नसतं. माळ्याला ते आदल्या संध्याकाळीच ठाऊक असतं.

साहेब मंडळी सरावाला येत. समोर चेंडू टाकायला कोणी तरी हवंच. ट्रॉस नावाच्या एका साहेबानं पहिल्यांदा या पोराच्या हातात चेंडू दिला. पोरगं डावखुरं निघालं. टप्पा हवा तिथं, फिरकी दोन्हीकडे आणि हात न थकणारा. क्लबातला सगळ्यांत पट्टीचा फलंदाज कॅप्टन ग्रेग. बाळूनं बाद केलं की तो दर खेपेला आठ आणे द्यायचा, असं सांगतात. तासन् तास ही गोलंदाजी चालायची. फलंदाजी मात्र बाळूच्या वाट्याला एकदाही आली नाही. बॅट साहेबाची, चेंडू नोकराचा.

पुण्याच्या हिंदू क्लबाला या गोऱ्यांशी सामना खेळायचा होता, आणि गोऱ्यांना रोज बाद करणारा माणूस गावातच होता. घ्यायचा का? क्लबातले तेलुगू सभासद तयार होते, पुण्याची ब्राह्मण मंडळी तयार नव्हती. रामचंद्र गुहा यांनी लिहिलंय त्याप्रमाणे खुद्द ग्रेगनंच वर्तमानपत्रातून सुनावलं, की असा गोलंदाज हातचा घालवणं हा हिंदूंचा शुद्ध मूर्खपणा ठरेल. बाळूला घेतलं. मैदानावर त्याच्या हातून सुटलेला चेंडू सगळे झेलायचे, चेंडूला विटाळ नव्हता. चहाची वेळ झाली की इतरांना पॅव्हेलियनमध्ये कपबशी, आणि बाळूला बाहेर मातीचा परळ. त्याच्या हातावर पाणी घालायलाही अस्पृश्यच नोकर. जेवण वेगळं.

एवढं असूनही तो साहेबांच्या संघांना गुंडाळत राहिला. साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्यानं तर त्याची फिरकी चालू नये म्हणून कित्येक दिवस खेळपट्टीवर रूळ फिरवून ती फरशीसारखी करून घेतली. रूळ ओढून मोठ्या झालेल्या माणसाविरुद्ध रूळच! बाळूनं त्या सामन्यात सात गडी बाद केले. पुण्यात परतल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत त्याचा सत्कार केला आणि क्लबवाल्यांना विचारलं, एकत्र खेळता, तर मग एकत्र खाता-पिता का येत नाही? रानडे म्हणाले म्हणून कपबशी लगेच मिळाली, असं झालं नाही.

*

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. तो बंदरातून आला आणि आगगाडीच्या वाटेनं पुण्याला पोचला. त्या धामधुमीत बाळू मुंबईला आला. मुंबईतून लोक पळत होते आणि हा गडी तिकडे निघाला होता. रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्यात प्रवेशाचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. काही सभासदांनी नाकं मुरडली, पण कर्णधार कीर्तिकर यांनी त्यांना पटवलं. हळूहळू धाकटा भाऊ शिवराम संघात आला, मग गणपत, मग सगळ्यांत धाकटा विठ्ठल. एका घरातले चौघे.

फेब्रुवारी १९०६. बॉम्बे जिमखान्याच्या त्याच कुंपणातल्या हिरवळीवर हिंदू विरुद्ध युरोपियन. नेटिव प्रेक्षकांसाठी कडेला तंबू. हिंदूंनी २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६०वर संपले. युरोपियनांना २१२ हव्या होत्या. त्यांचा सगळा संघ १०२ धावांत गारद झाला आणि हिंदू १०९ धावांनी जिंकले. दुसऱ्या डावात बाळूनं पाच बळी घेतले. आदल्याच वर्षी जपाननं रशियाला नमवलं होतं, बंगालची फाळणी पेटली होती, स्वदेशीच्या होळ्या पेटत होत्या. त्या हवेत १०९ धावांना धावांपेक्षा जास्त वजन आलं. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’नं तर वेगळीच गोष्ट टिपली. हिंदू जिमखान्यात आता पालवणकर बंधू इतरांच्या पंगतीला बसतात, आणि विजयापेक्षा ही बातमी मोठी, असा त्याचा सूर होता. मला तो सूर थोडा घाईचा वाटतो. पुढं काय झालं ते बघा.

१९११मध्ये पहिला अखिल हिंदुस्थानी संघ विलायतेला निघाला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय एकोणीस. त्यांचं अर्धं लक्ष दरबारी मेजवान्यांत. पारशी, हिंदू, मुसलमान असे खेळाडू तोलून-मापून निवडलेले. त्यात बाळू आणि शिवरामही होते. संघानं २३ सामन्यांतले १५ गमावले. पण ३५ वर्षांचा बाळू, दुखऱ्या खांद्यानं, एका उन्हाळ्यात ११४ बळी घेऊन आला. लेस्टरशायरला हरवलं त्यात त्याचा हात मोठा, आणि सॉमरसेटला हरवलं ते शिवरामच्या नाबाद शतकामुळे. कौंटी संघ त्याला आपल्याकडे ठेवून घेतील, अशी बोलणी तिकडच्या मैदानांवर ऐकू येत. मुंबईला परतल्यावर शहरातल्या अस्पृश्य समाजानं त्याचा सत्कार केला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या तरुण भीमराव आंबेडकरांना या डावखुऱ्या गोलंदाजाचं केवढं कौतुक होतं, हे त्यांच्या चरित्रांतून वाचायला मिळतं.

*

इथपर्यंतची गोष्ट चढती आहे. खरी कसोटी मात्र पुढे लागली. गोलंदाजी देता येते, कारण ती चाकरी आहे. पंगतही देता येते, ती दया आहे. कर्णधारपद देणं म्हणजे त्याचा हुकूम ऐकणं. ब्राह्मण क्षेत्ररक्षकाला चांभारानं सांगायचं, तू तिथं उभा राहा.

मुंबईत तोवर युरोपियन, पारशी आणि हिंदू संघांची तिरंगी स्पर्धा होत होती. १९१२मध्ये मुसलमान संघ तिच्यात आला आणि तिची चौरंगी झाली. संघात सगळ्यांत जुना, सगळ्यांत जास्त बळी घेणारा खेळाडू बाळू. कर्णधार दर वर्षी दुसरा कोणी तरी. १९१३मध्ये एम. डी. पै कर्णधार झाले. ते गौड सारस्वत ब्राह्मण. जिमखान्यानं त्यांचा सत्कार केला, तेव्हा त्यांनी उभं राहून सांगितलं, की हा मान माझ्या मित्राला, बाळूला, मिळायला हवा होता, तो वडील आणि अनुभवी आहे. मैदानावर बाळूचा चेंडू कसा वळायचा यापेक्षा हे भाषण मला जास्त थोर वाटतं. पै नुसते बोलले नाहीत, पुढं करूनही दाखवलं.

ते साल १९२०. गांधीजींच्या असहकारानं देश ढवळला होता आणि अस्पृश्यतेचा प्रश्न काँग्रेसच्या मंचावर येत होता. चौरंगीच्या मुंबईतल्या सामन्यांसाठी निवड समितीनं चव्वेचाळिशीच्या बाळूला वगळलं. पै आजारी पडले. आता कर्णधार कोण? विठ्ठल तेव्हा संघाचा सगळ्यांत भरवशाचा फलंदाज. समितीनं पुण्याचे दि. ब. देवधर निवडले. देवधर पुढे फार मोठे झाले, त्यांच्या गुणांबद्दल वाद नाही. पण विठ्ठल आणि शिवराम यांना त्या निवडीत जात दिसली. दोघांनी संघ सोडला आणि का सोडला हे वर्तमानपत्रांत जाहीर लिहून कळवलं. खेळाडूंनी जातीच्या अपमानाचं कारण छापून संप करावा, हे या देशात त्याआधी घडल्याचं माझ्या वाचनात नाही. गिरणगावात त्याच सुमाराला संपांवर संप होत होते. पालवणकर बंधूंचा संप त्याच हवेतला.

शहर त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. समितीला नमावं लागलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै बरे होऊन परतले, भाऊ परतले, बाळूलाही घेतलं आणि उपकर्णधार केलं. मग सामना चालू असताना पै मैदानाबाहेर गेले. कायद्याप्रमाणे संघ उपकर्णधाराच्या हाती. थोडा वेळ का होईना, पूना क्लबाचा माळी हिंदू संघाचा कर्णधार होता. पै बाहेर गेले ते मुद्दाम, असंच सगळ्यांनी समजलं.

तीन वर्षांनी, १९२३मध्ये, विठ्ठलला रीतसर कर्णधार नेमलं. अंतिम सामन्यात त्याच्या संघानं युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. ज्या माणसाच्या भावाला कपबशी मिळत नव्हती, त्याला खांद्यावर घेणाऱ्यांत सगळ्या जातींचे हात होते. १९२६पर्यंत विठ्ठल कर्णधार राहिला आणि त्यांतल्या तीन वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. या सगळ्याबद्दल त्यानं १९४८मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. ते आज सहज मिळत नाही, हे आपल्या मराठी प्रकाशकांबद्दल काय ते सांगतं.

*

बाळूची पुढची गोष्ट राजकारणातली आहे आणि ती गोड नाही. सप्टेंबर १९३२च्या पुणे करारावर ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत ‘पी. बाळू’ आहे. स्वतंत्र मतदारसंघांच्या वादात ते गांधीजींच्या बाजूला उभे राहिले. मग १९३७च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभं केलं, ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध. पालवणचा आणि आंबडव्याचा, धारवाडचा आणि महूचा, पलटणीच्या वाटेनं बाहेर पडलेल्या दोन कोकणी घरांचे दोन मुलगे गिरणगावात एकमेकांविरुद्ध मतं मागत होते. आंबेडकरांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५.

या दोन हजारांच्या फरकानं बाळूंचं पुढचं नाव ठरवलं, असं मला वाटतं. आंबेडकरी चळवळीच्या दृष्टीनं ते पलीकडच्या बाजूचे झाले. काँग्रेसला हरलेल्या उमेदवाराचं काम उरलं नाही. आणि क्रिकेटवाल्यांना तोवर सी. के. नायडू मिळाले होते. डिसेंबर १९२६मध्ये त्यांनी बॉम्बे जिमखान्यावर एम.सी.सी.ला अकरा षटकार मारले होते आणि १९३२मध्ये तेच देशाच्या पहिल्या कसोटीचे कर्णधार झाले. बाळूंच्या वेळी हिंदुस्थान कसोटी खेळतच नव्हता, म्हणून आकडेवारीच्या पुस्तकांत त्यांच्या नावासमोर कसोटी सामने शून्य.

ज्या स्पर्धेनं त्यांना मोठं केलं, तीही गेली. १९३७मध्ये ‘इतर’ हा पाचवा संघ येऊन चौरंगीची पंचरंगी झाली होती. धर्मावर आधारलेलं क्रिकेट बंद करा, असं गांधीजींनी १९४०मध्ये सांगितलं. १९४६मध्ये ती कायमची थांबली. थांबली ते बरंच झालं. पण तिच्या पोटात जातीविरुद्धची एक लढाई झाली होती, ती तिच्याबरोबरच विसरली गेली.

४ जुलै १९५५ला बाळू मुंबईत वारले. पुढच्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यं नव्यानं आखली गेली. मुंबई इलाख्यातलं धारवाड आणि निजामाच्या राज्यातून सुटलेलं आमचं बिदर एकाच म्हैसूर राज्यात आले. त्या दिवसापासून बाळू आणि आम्ही एका प्रांतात जन्मलेले ठरलो.

*

मुंबईनं आपले क्रिकेटवीर भिंतींपेक्षा दगडांवर आणि पाट्यांवर जास्त लिहिले. जामनगरहून आलेल्या विनू मंकडांच्या नावाचा रस्ता वानखेडेजवळ आहे. सोलापुरात वाढलेल्या पॉली उम्रीगरांच्या नावाचं फाटक आहे. भिंती सिनेमावाल्यांनी घेतल्या. रणजित दहिया हा हरयाणातला चित्रकार गावात घरांना रंगसफेदी करत मोठा झाला. त्यानं २०१२पासून वांद्र्याच्या भिंतींवर हिंदी सिनेमा रंगवायला सुरुवात केली. एम.टी.एन.एल.च्या उंच इमारतीवर त्यानं काढलेले दादासाहेब फाळके वांद्र्याला दुरून दिसतात. फाळके त्र्यंबकचे, म्हणजे तेही बाहेरचेच. ‘दीवार’मधला अमिताभही त्यानं भिंतीवर आणला, आणि त्या सिनेमातला नायक कोण, तर गोदीतला हमाल. चुन्याच्या ब्रशावरून चित्राकडे आलेला हा माणूस आणि रुळावरून चेंडूकडे गेलेला बाळू, यांची भेट झाली असती तर दोघांना बोलायला पुष्कळ होतं.

त्या डिसेंबरात ससून डॉकहून निघालो तो चालत आझाद मैदानावर गेलो. पोलोच्या घोड्यांनी उखडलेल्या जुन्या मैदानाचाच हा तुकडा. शाळांचे सामने होते. एका सामन्याचा थर्डमॅन दुसऱ्याच्या मिडऑनला पाठ लावून उभा राहतो, अशी इथली दाटी. एक म्हातारे माळी सुतळी ताणून खेळपट्टीवर क्रीज आखत होते. मुठीतून फक्की सोडायची त्यांची पद्धत अशी, की रेघ कुठं जाड नाही, कुठं तुटत नाही. मी जवळ जाऊन उभा राहिलो आणि उगाचच त्यांना सांगितलं, की तुमच्यासारखा एक माळी होता, पुण्याचा, रूळ ओढायचा, पुढं विलायतेला जाऊन शंभरावर विकेटी काढून आला.

त्यांनी सुतळीचं टोक सोडलं नाही. रेघ शेवटापर्यंत नेली, हात झटकला आणि विचारलं, “डावखुरा?”

मी हो म्हणालो. ते फक्कीची पिशवी उचलून दुसऱ्या टोकाकडे निघून गेले.